आमच्यावर शिकले, आता आम्हाला शिकू देईनात



मागच्या वेळी गोठलेल्या पाइपांची गोष्ट अर्धी सोडली होती. ती पुढच्या खेपेला. आज डोकं दुसऱ्याच कारणाने तापलंय. बाहेर उणे अकरा असताना डोकं तापणं ही तशी चैनच, म्हणून थंड व्हायच्या आत लिहून काढतो.

जागेचं नाव नेहमीप्रमाणे लिहीत नाही. एवढंच सांगतो की इथे मोबाइलला रेंज एकाच ठिकाणी मिळते, हेलिपॅडच्या वरच्या अंगाला, तीही नशीब असेल तर. जानेवारीत माझ्या सेक्शनमधला एक अग्निवीर तिथे रोज अर्धा तास उभा राहायचा. आम्हाला वाटलं, पोरगी असेल. पोरगा बुलढाण्याकडचा, बारावी आर्ट्स, बरे मार्क. निघालं भलतंच. तो मुक्त विद्यापीठाचा प्रवेश अर्ज भरत होता. चौथ्या दिवशी खाली आला, हातमोजे काढून बुखारीपाशी बसला आणि म्हणाला, "साहेब, यादीत मानसशास्त्रच नाही."

मी म्हटलं, नीट बघ. मी त्याच विषयात बीए केलंय, तेही असंच, पोस्टिंगवरून पोस्टिंगवर पुस्तकं वाहत.

"तुम्ही केलं तेव्हा होतं, साहेब. आता काढलंय."

पोरगा बरोबर होता. २०२५ च्या ऑगस्टमध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने जाहीर केलं की आरोग्यसेवेशी संबंधित अभ्यासक्रम यापुढे दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने शिकवायचे नाहीत. २०२१ साली संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला, त्या कायद्याच्या कक्षेत येणारे सगळे विषय यात आले. सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान, अन्न व पोषण, आहारशास्त्र, आणि त्यांच्याच रांगेत मानसशास्त्र. जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून नवे प्रवेश बंद. बीएमध्ये बाकीचे विषय चालू राहतील, इतिहास घ्या, अर्थशास्त्र घ्या, हिंदी घ्या. मानसशास्त्र घ्यायचं असेल तर कॉलेजात जाऊन बसा.

कॉलेजात जाऊन बसा! हे वाक्य इथून, बर्फातून, कसं ऐकू येतं ते लिहून सांगता येणार नाही.

आता तुम्ही म्हणाल, साहेब, एक विषय गेला तर एवढं काय? दुसरा घ्यायचा. अगदी हेच मला दोघा-तिघांनी फोनवर सांगितलं, त्यात एक माझा मेहुणा आहे आणि तो शिक्षक आहे. म्हणून जरा मागे जाऊन सांगावं लागेल की मी हा विषय का घेतला. हे मी इथे कधी लिहिलेलं नाही.

२०१७ साली मी हवालदार होतो. पलटण कुठे होती ते राहू द्या. माझ्या हाताखाली एक पोरगा होता, कामाला वाघ, लाइन टाकायला खांबावर चढला की खाली उतरवावं लागायचं. रजेवरून आला तो गप्पच. लंगरमध्ये ताट घ्यायचा आणि तसंच ठेवून यायचा. रात्री बॅरेकमध्ये पलंगावर बसून राहायचा. दाढी ठेवायचा तशीच, जोडे पॉलिश करायचा नाही. मी त्याला दोनदा सगळ्यांसमोर झापलं. तिसऱ्यांदा बाजूला घेतलं, तेव्हा त्याने घरच्या जमिनीचं काहीतरी सांगायला सुरुवात केली. मी त्याला मध्येच तोडलं. म्हटलं, "फौजी आहेस ना? मर्दासारखा राहा." तो "जी उस्ताद" म्हणाला. त्यानंतर मात्र तो एकदम शांत, चांगला वागायला लागला. दाढी केली, जोडे चमकवले, स्वतःचं घड्याळ एका पोराला देऊन टाकलं. मला वाटलं, माझ्या झापण्याचा परिणाम झाला. मी खूश होतो.

आठ दिवसांनी तो गेला. कसा ते लिहीत नाही.

चौकशी झाली, सगळ्यांचे जबाब झाले. माझ्या जबाबात मी लिहिलं होतं की जवानाच्या वागण्यात मला काही असामान्य आढळलं नाही. ते खोटं नव्हतं. मला खरोखरच काही आढळलं नव्हतं. पुढे अभ्यासात वाचलं की महिनाभर खचलेला माणूस अचानक निवांत दिसू लागला आणि जवळच्या वस्तू वाटायला लागला, तर ती सुटकेचा श्वास टाकायची वेळ नसते, धावत जाऊन डॉक्टरला गाठायची असते. ते पान मी तीनदा वाचलं. तेजपूरच्या ट्रान्झिट कॅम्पमध्ये, वरच्या बंकवर, टॉर्चच्या उजेडात.

दोन वर्षं हे डोक्यात घोळत राहिलं आणि २०१९ साली मी प्रवेश घेतला. वय चौतीस. तीन वर्षांची पदवी मला साडेपाच वर्षांत मिळाली. मधे कोरोना आला, परीक्षा पुढे गेल्या. एकदा परीक्षेच्या आदल्या दिवशी रस्ता खचला आणि डिसेंबरचा पेपर जूनवर गेला. सहा वर्षांची मुदत असते, अर्धं वर्ष राखून सुटलो. बॅरेकमध्ये नाव पडलं "डॉक्टर". कोणी म्हणे, साहेब, आमचं मन वाचून दाखवा. कोणी म्हणे, हा पागलखान्याचा कोर्स आहे.

एका जुन्या सुभेदारसाहेबांचा प्रश्न मात्र रास्त होता. ते म्हणाले, अरे, पंधरा वर्षं नोकरी आणि दहावी पास असलं की गट क च्या नोकरीला तुला तसंही पदवीधर धरतात, मग फुकटचा अभ्यास कशाला? माजी सैनिक वाचकांना ही सवलत माहीत आहे, अनेकांची बँकेतली दुसरी नोकरी तिच्यावरच लागली. सवलत चांगलीच आहे. पण तिच्यामुळे मला त्या पोराचं घड्याळ कळलं नसतं.

आता मुद्द्यावर येतो. मानसशास्त्र हा आरोग्याचा विषय आहे, त्याला प्रत्यक्ष सराव लागतो, तो घरबसल्या शिकवू नये, असं म्हणणाऱ्यांना मला एकच विचारायचं आहे. हे शास्त्र शिकलं कोणावर?

पहिल्या महायुद्धात तोफखान्याच्या माऱ्याखालून परत आलेले शिपाई थरथरत होते, बोलू शकत नव्हते, अंगावर जखम नव्हती. चार्ल्स मायर्स नावाच्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९१५ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यावर लिहिलं आणि 'शेल शॉक' हा शब्द डॉक्टरी कागदांत आला. १९१७ साली अमेरिका युद्धात उतरली, तेव्हा रॉबर्ट यर्क्सच्या चमूने सतरा लाखांहून अधिक रंगरूटांची बुद्धिमत्ता चाचणी घेतली. वाचता येणाऱ्यांना 'आर्मी अल्फा', न येणाऱ्यांना 'आर्मी बीटा'. एका वेळी खोलीभर माणसांना बसवून चाचणी घ्यायची पद्धत त्यातूनच जगभर पसरली. तुमच्या पोराला शाळेत जी कल चाचणी देतात तिचे आजे-पणजे छावणीत जन्मले. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांमुळे १९८० साली पीटीएसडी हा आजार अमेरिकन मानसोपचारांच्या अधिकृत यादीत आला. आपल्याकडेही तेच. १९४३ साली डेहराडूनला अधिकारी निवडीसाठी प्रायोगिक मंडळ बसलं, त्याच मुळापासून आजची डीआरडीओची मानसशास्त्रीय संशोधन संस्था, दिल्लीची डीआयपीआर, वाढली.

म्हणजे शेल शॉक आमचा, चाचणी आमच्यावर, आजाराचं नाव आमच्यामुळे. आणि विषय शिकायची वेळ आली की आम्ही अपात्र, कारण आम्ही कॉलेजच्या गावात राहत नाही.

हे नुसतं भावनेचं बोलणं नाही. ज्याच्यावर अभ्यास होतो त्याला तो वाचता आला नाही तर काय होतं, याचा पुरावा आपल्याच घरात आहे. इंग्रजांनी 'लढाऊ जमाती' ठरवल्या. कोण शूर, कोण भित्रा, कोण इमानी, हे त्यांनी माणसांना न विचारता ठरवलं आणि १८९० च्या दशकात महारांची भरती बंद केली. ज्यांच्या बापजाद्यांनी पिढ्यान्‌पिढ्या बंदुका उचलल्या त्यांना सांगितलं, तुमच्या रक्तात शौर्य नाही. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ उजाडावं लागलं. यर्क्सच्या आकड्यांचंही तसंच झालं. दक्षिण आणि पूर्व युरोपातून आलेली माणसं जात्याच मंद, असा निष्कर्ष कार्ल ब्रिगमने १९२३ साली त्यातून काढला, आणि पुढे १९३० मध्ये स्वतःच तो चुकीचा होता म्हणून मागे घेतला. चाचणीत अमेरिकन रोजच्या जगण्यातली माहिती विचारली होती, नुकत्याच बोटीतून उतरलेल्या माणसाला ती कुठून येणार? हे मी दुसऱ्या वर्षाला वाचलं तेव्हा मला आमचे गावाकडचे माजी सैनिक आठवले. त्यातल्या कोणाला हे माहीत होतं? पेन्शनीबद्दल सगळं माहीत होतं.

आमचा हा पोरगा आणि मी, आम्ही दोघंही भरतीला सोळाशे मीटर धावलो, बीमवर पुल-अप काढले, नऊ फुटी खड्डा ओलांडला, मेडिकलला छाती फुगवली. अधिकाऱ्याची निवड करताना मानसशास्त्रज्ञ त्याला चित्रं दाखवतो, अर्धा मिनिट बघ, चार मिनिटांत गोष्ट लिही. साठ शब्द देतो, प्रत्येकाला पंधरा सेकंद, मनात येईल ते वाक्य. माझ्या भरतीच्या वेळी मनाबद्दल मला कोणी काही विचारलं नाही. आणि तरी आमच्या मेडिकल कॅटेगरीचं नाव आहे शेप. त्यातलं एच म्हणजे कान, ए म्हणजे हातपाय, पी म्हणजे एकूण शरीर, ई म्हणजे डोळे. आणि पहिलं अक्षर एस? ते मनाचं. बाकीची चारही अक्षरं जवान स्वतः सांभाळतो. गुडघा दुखला तर सांगतो, कान वाजला तर सांगतो. एसबद्दल बोलायला तो घाबरतो, कारण कॅटेगरी गेली तर प्रमोशन जाईल, आणि त्याहून मोठी भीती म्हणजे पोरं "मेंटल" म्हणतील.

याच्यावर औषध काय? २०२२ पासून टेली-मानसचा फोन आहे, १४४१६. २०२३ च्या डिसेंबरपासून पुण्याच्या एएफएमसीत फक्त सैन्यदलांसाठी त्याचा वेगळा कक्ष आहे. मिलिटरी हॉस्पिटलात मानसोपचारतज्ज्ञ आहेत. या सगळ्याचं मला कौतुकच आहे. पण खांबावरून उतरलेला आणि जेवण सोडलेला जवान स्वतः तो नंबर फिरवत नाही. तो फिरवून कोणीतरी फोन त्याच्या हातात द्यावा लागतो, आणि हा कोणीतरी शेजारच्या पलंगावरचा असतो. हवालदार असतो, लंगर कमांडर असतो, सोबत संत्री ड्युटी करणारा असतो. त्याला दिसलं पाहिजे. त्याने "मर्द बन" म्हणायच्या जागी गप्प बसून ऐकलं पाहिजे. पदवीने मला उपचार करायला शिकवलं नाही, आणि मी कधी केलेही नाहीत. तिने मला दोन गोष्टी दिल्या. काय बघायचं ते, आणि कुठे थांबून एमओसाहेबांकडे न्यायचं ते. गेल्या तीन वर्षांत मी दोघांना नेलं. दोघेही नोकरीत आहेत, एकाचं यंदा लग्न झालं.

आता दुसरी बाजू, कारण ती आहे आणि मी ती लपवली तर हा लेख निव्वळ तक्रार होईल.

आयोगाचं म्हणणं सगळंच चुकीचं नाही. सरावाविना उपचारक तयार होऊ नयेत, हे शंभर टक्के मान्य. तीन महिन्यांचं सर्टिफिकेट भिंतीला लावून "समुपदेशक" म्हणून पैसे घेणारे मी स्टेशनच्या गावातही पाहिलेत आणि तालुक्याच्या गावातही. त्यांच्यातल्या एकाने आमच्या जवानाच्या बायकोला वर्षभर ताईत आणि "पॉझिटिव्ह एनर्जी" यांचं मिश्रण विकलं. अशांना आवरायलाच हवं.

आणि दूरस्थ अभ्यासक्रमातली घाणही मी आतून पाहिली आहे. असाइनमेंटला तीस टक्के मार्क असतात, आणि सोडवलेल्या असाइनमेंट बाजारात विकत मिळतात, फक्त आपल्या अक्षरात उतरवायच्या. माझ्या पहिल्या अभ्यासकेंद्रावर प्रॅक्टिकलच्या दिवशी साहित्याच्या कपाटाची किल्ली सापडेना. तिथल्या बाईंनी मागच्या वर्षीची एक फाइल पुढे केली आणि म्हणाल्या, आकडे थोडे बदलून लिहा. आम्ही अकरा जण होतो. अकराही जणांनी लिहिले. मीही लिहिले. भाटिया बॅटरीत मी एका अस्तित्वात नसलेल्या मुलाचा बुद्ध्यांक काढून दाखवला. चंद्रमोहन भाटियांनी ही चाचणी आपल्याकडच्या, न शिकलेल्याही माणसांसाठी बनवली. ठोकळे जुळवायचे, आकृत्या काढायच्या, चित्राचे तुकडे जोडायचे, इंग्रजी कुठे आडवं येत नाही. इतकी साधी, देशी गोष्ट, आणि आम्ही तीही हात न लावता पास झालो. त्याची लाज अजून आहे.

पण याचा इलाज काय? कपाटाची किल्ली सापडत नाही म्हणून शाळा पाडायची का?

दुसऱ्या वर्षी मी ठरवलं की निदान स्वतःपुरतं खरं करायचं. स्मृतीची कक्षा मोजायचा साधा प्रयोग असतो, आकडे वाचून दाखवायचे आणि समोरच्याने त्याच क्रमाने परत म्हणायचे. जॉर्ज मिलरने १९५६ साली लिहिलं की माणसाच्या तात्पुरत्या लक्षात सात, दोन इकडे-तिकडे, एवढ्या गोष्टी मावतात. सिग्नलवाल्याला हे वेगळं सांगायला नको. सहा आकडी ग्रिड आम्ही सेटवर ऐकतो आणि न लिहिता पुढे देतो, त्यात आणखी दोन आकडे घुसवले की चुका सुरू. मी बॅरेकमधल्या सहा जणांवर तो प्रयोग केला, एकदा झोप पूर्ण झाल्यावर, एकदा लागोपाठ दोन रात्रींच्या ड्युटीनंतर. सहापैकी पाच जणांचे आकडे घसरले. सहावा बहाद्दर ड्युटीवरच झोपत असणार. सहा माणसांवरून काही सिद्ध होत नाही, हेही त्याच पुस्तकाने मला शिकवलं. पण नंतर मी रात्रपाळी लावताना त्याच माणसाला तिसऱ्या रात्री सेटवर बसवायचं टाळू लागलो. सांगा, हे "प्रत्यक्ष सराव" नाही?

संवेदनाचा धडा तर आम्हाला रंगरूट असतानाच मिळालेला असतो, 'फासले का अनुमान' या नावाने. ऊन पाठीशी असेल तर टार्गेट जवळ दिसतं, मधे दरी असेल तर जवळ दिसतं, अंधूक उजेडात लांब दिसतं. उस्तादाने हे काठी आपटून शिकवलं. विद्यापीठाच्या पुस्तकात तेच खोलीचं आकलन म्हणून आलं आणि मला हसू फुटलं. ज्या माणसाचा जीव अंतराच्या अंदाजावर टांगलेला आहे त्याच्यापेक्षा चांगला विद्यार्थी या धड्याला कुठून आणणार?

आणि मुळात बीएची पदवी म्हणजे दवाखान्याचा परवाना नव्हे. आजवर कधी नव्हता. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायला बीए, मग एमए, मग त्यावर हॉस्पिटलातलं प्रशिक्षण आणि पुनर्वसन परिषदेची नोंदणी लागते. पदवीच्या पहिल्या पायरीवर बोर्ड लावा की "या पदवीवर उपचार करता येणार नाहीत", मोठ्या अक्षरात छापा, प्रमाणपत्रावर छापा, मी टाळ्या वाजवीन. राज्यशास्त्रात बीए केलेला माणूस आमदार होत नाही. मानसशास्त्रात बीए केलेला माणूस डॉक्टर होत नाही. तो थोडा जास्त शहाणा बाप होतो, थोडा बरा हवालदार होतो. त्यालाही बंदी?

गंमत बघा. आपल्या देशात हे शास्त्र टपालानेही वाढलेलं आहे. कलकत्ता विद्यापीठाने विभाग काढला १९१६ च्या सुमारास. तिथल्या गिरींद्रशेखर बोस यांनी १९२१ साली दमनाच्या कल्पनेवर डॉक्टरेट मिळवली, १९२२ साली भारतीय मनोविश्लेषण संस्था काढली, आणि फ्रॉइडशी वर्षानुवर्षं पत्रांतून वाद घातला. दोघांची भेट कधीच झाली नाही. आपल्या मराठीत विवेकनिष्ठ मानसोपचार आणणारे कि. मो. फडके यांचाही अल्बर्ट एलिसशी दीर्घ पत्रव्यवहार होता. मी बोस नाही आणि फडके तर नाहीच. पण पत्राने मन शिकता येत नाही, असं म्हणणाऱ्याने आधी ही पत्रं फाडून दाखवावीत.

दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केला तो कॉलेजला पोचू न शकणाऱ्यांसाठीच. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ १९८५ चं, आपलं नाशिकचं मुक्त विद्यापीठ १९८९ चं, त्यांचं तर ब्रीदच ज्ञानगंगा घरोघरी असं आहे. यात घरापासून दोन हजार किलोमीटरवर असणारा जवान येतो की नाही?

तोडगा मला रॉकेट सायन्स वाटत नाही. फौज दर वर्षी हजारो जवानांना कोर्सवर पाठवते. मॅप रीडिंगचा, ड्रायव्हिंगचा, स्वयंपाक्याचा, कुत्रा हाताळायचा. पदवीच्या प्रत्येक वर्षाला दहा दिवसांचं सक्तीचं प्रॅक्टिकल शिबिर ठेवा, मोठ्या स्टेशनच्या गावातल्या खऱ्या कॉलेजात, खऱ्या कपाटासह. जो येणार नाही तो नापास. परीक्षक बाहेरचा. असाइनमेंटऐवजी तोंडी परीक्षा घ्या, व्हिडिओवर घ्या, विकत घेतलेलं उत्तर तिथे पहिल्या प्रश्नाला उघडं पडतं. हे करायला कष्ट पडतात, आणि यादीतून नाव खोडायला एक ओळ पुरते. मला राग आहे तो त्या ओळीचा.

अग्निवीरांसाठी २०२२ साली सरकारने कौशल्यावर आधारलेली तीन वर्षांची पदवी जाहीर केली, निम्मे क्रेडिट ड्युटीतल्या प्रशिक्षणाचे. चांगली आहे, आमची काही पोरं करतायत. पण आमच्या बुलढाणेकराला नुसती पदवी नको होती, त्याला हा विषय हवा होता. का, ते त्याने त्या रात्री बुखारीपाशी सांगितलं. दोन हंगाम सोयाबीन गेलं आणि त्याचे वडील बोलायचे थांबले. घरच्यांनी आधी देवऋषी केला, मग दुसरा देवऋषी केला. सात महिन्यांनी गावच्या आशाताईंनी जिल्हा रुग्णालयाचा रस्ता दाखवला. आता गोळ्या चालू आहेत, वडील शेतात जातात. "साहेब, ते सात महिने आम्ही सगळे घरातच होतो," तो म्हणाला. "कोणाला कळलंच नाही."

मी त्याला माझ्या २०१७ बद्दल सांगितलं नाही. हा लेख वाचेल तेव्हा कळेल.

चार वर्षांनी चारातले तीन बाहेर पडणार. हा कोणत्या बाजूला जाईल कोण जाणे. गावी गेला तर त्या गावात हा विषय थोडाफार जाणणारा एक माणूस तरी असेल, असा माझा हिशेब होता. कॉलेजात जाऊन बसा म्हणणाऱ्यांनी सांगावं, सव्वीसाव्या वर्षी, घरची शेती आणि आजारी बाप सांभाळून, हा कोणत्या कॉलेजात बसणार?

सध्या त्याने समाजशास्त्राला प्रवेश घेतलाय. माझी जुनी पुस्तकं मी सुट्टीवरून येताना घेऊन आलो, किटबॅगमध्ये सात किलो वजन वाढलं. रात्री रोल कॉलनंतर आम्ही दोघं एक-एक प्रकरण वाचतो. ना क्रेडिट, ना परीक्षा. परवापासून शेजारच्या हटमधला एक गढवाली नायकही येऊन बसायला लागलाय, चहा तो आणतो. काल शिकलेल्या असहायतेचं प्रकरण होतं, सेलिगमनचे १९६७ चे प्रयोग, पिंजऱ्यातली कुत्री, सुटायची वाट उघडी असूनही न हललेली. पोरगा बराच वेळ त्या चित्राकडे बघत राहिला. मग म्हणाला, "साहेब, त्या कुत्र्यांना नंतर बाहेर कसं काढलं?"

पुस्तकात आहे ते. हाताने ओढून, पुन्हा पुन्हा, पलीकडे नेऊन. आज रात्री तेच पान वाचायचं आहे.